हिमशर्यतींतील वस्त्रे व साधने

हिमशर्यतींतील वस्त्रे व साधने : बर्फाच्छादित व अतिशीत प्रदेशांतून पायी, स्कीवर, सायकलीवर किंवा कुत्र्यांच्या घसरगाडीने दीर्घ पल्ला गाठण्याच्या ज्या शर्यती भरविल्या जातात, त्यांना सामान्यतः हिमशर्यती म्हणता येईल. अशा शर्यतीत स्पर्धकाने अंगावर घ्यावयाचे कपडे आणि निवारा, अग्नी, अन्न व प्रकाश यांसाठी बरोबर न्यावयाची सामग्री यांच्या निवडीस निर्णायक महत्त्व असते. इतर मैदानी खेळांत सदोष साधनामुळे फार तर स्पर्धा हातची जाते. येथे हातपाय, प्रसंगी प्राणही जातात. या निवडीमागील ज्ञान आर्क्टिक प्रदेशातील रहिवाशांची प्राचीन परंपरा, एकोणिसाव्या व विसाव्या शतकांतील ध्रुवीय मोहिमा, सैनिकी संशोधन आणि कृत्रिम तंतूंचा उद्योग अशा चार मार्गांनी साठत गेले. या सर्व अनुभवाचे सार असे, की श्रम करणाऱ्या माणसाचा थंडीहून मोठा शत्रू त्याच्याच अंगावर साचणारा ओलावा असतो. म्हणून वस्त्राची निवड केवळ तापमापकावरून न करता श्रमाच्या प्रमाणावरून करावी लागते.

मूलभूत तत्त्वे : मानवी शरीराचे आंतरिक तापमान सु. ३७° से. असते. ते ३५° से. च्या खाली उतरले म्हणजे शरीरव्यापार मंदावू लागतात. प्रथम हुडहुडी भरते, बोटे काम देईनाशी होतात, बोलणे अडखळते व विचारशक्ती क्षीण होते. तापमान आणखी उतरल्यास हुडहुडी थांबते आणि माणूस मृत्यूकडे झुकतो. या अवस्थेस अल्पतापावस्था म्हणता येईल. हिमदंश ही निराळी बाधा असून तीत बोटे, नाक, कान, गाल यांसारख्या उघड्या किंवा टोकाकडील भागांतील ऊतकच गोठते.

शरीरातील उष्णता संवहन, अभिसरण, प्रारण व बाष्पीभवन या चार मार्गांनी बाहेर जाते. वस्त्र स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. ते तंतूंच्या जाळीत हवा अडवून ठेवते आणि ही स्थिर हवाच उष्णतेची वाट रोखते. पाण्याची उष्णतासंवाहकता स्थिर हवेच्या सु. पंचवीसपट असल्याने तंतूंमधील हवेची जागा पाण्याने घेतली, की वस्त्राची ऊब जवळजवळ संपते. शिवाय अंगावरील एक ग्रॅम घाम सुकताना सु. ०·५८ किलोकॅलरी उष्णता शरीरातून घेऊन जातो. उन्हाळ्यात उपकारक ठरणारी ही क्रिया कडाक्याच्या थंडीत थांबलेल्या माणसाला घातक होते.

वस्त्राच्या उष्णतारोधनाचे माप म्हणून १९४१ मध्ये ‘क्लो’ हे एकक सुचविण्यात आले. २१° से. तापमानाच्या शांत हवेत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखावह वाटेल एवढे आच्छादन म्हणजे एक क्लो होय. ढोबळ हिशेबाने उणे ४०° से. तापमानात स्वस्थ बसणाऱ्यास दहा क्लोच्या आसपास आच्छादन लागेल. त्याच हवेत धावणाऱ्यास मात्र दोनच्या आसपास पुरेल. हिमशर्यतीतील सारी अडचण या एका तफावतीत साठविलेली आहे. धावणाऱ्याला पुरणारा पोशाख थांबलेल्याला अपुरा पडतो आणि थांबलेल्याला पुरणारा पोशाख धावणाऱ्याला घामाने भिजवितो.

वाऱ्यामुळे ही अडचण आणखी वाढते. अमेरिकन संशोधक पॉल सिपल व चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकावरील तळावर प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी ठेवून निरनिराळ्या वाऱ्यांत ते गोठण्यास किती वेळ लागतो हे मोजले. त्यातून वाऱ्याच्या गारव्याचा निर्देशांक तयार झाला. अमेरिका व कॅनडा या देशांनी २००१ मध्ये स्वीकारलेल्या सुधारित सूत्रानुसार उणे ३०° से. तापमान आणि ताशी ३० किमी. वेगाचा वारा यांचा उघड्या त्वचेवरील परिणाम शांत हवेतील सु. उणे ४६° से. इतका होतो. अशा स्थितीत पाच ते दहा मिनिटांत त्वचा गोठू शकते.

आर्क्टिक लोकांची परंपरा : ही तत्त्वे सूत्रबद्ध होण्याच्या कितीतरी आधी आर्क्टिक प्रदेशातील इन्युइट लोकांनी ती वस्त्रांत उतरविली होती. त्यांचा हिवाळी पोशाख कॅरिबू या हरणाच्या कातड्यांचा व दुहेरी असे. आतील अंगरख्याची लव अंगाकडे आणि बाहेरील अंगरख्याची लव बाहेरच्या बाजूस ठेवीत. कॅरिबूच्या केसांत हवेच्या पोकळ्या असल्याने हे कातडे वजनाने हलके व अत्यंत ऊबदार असते. अंगरखा सैल बेतलेला असून श्रम वाढताच गळ्याजवळील भाग मोकळा करून किंवा टोपडे मागे टाकून आतील दमट हवा बाहेर काढता येई. टोपड्याच्या काठाला वुल्व्हरीन या प्राण्याची लव लावीत, कारण उच्छ्‌वासातील बाष्पाचे तीवर साचणारे हिमकण सहज झटकता येतात. समुद्रावर वावरताना सीलच्या आतड्यांपासून शिवलेले जलरोधी अंगरखे आणि सीलच्या कातड्याचे बूट वापरीत. बर्फावरील उन्हाच्या तिरिपीने डोळे जाऊ नयेत म्हणून लाकडाच्या किंवा हाडाच्या पट्टीला बारीक फट पाडून केलेला चष्माही त्यांनीच शोधला.

उत्तर स्कँडिनेव्हियातील सामी लोकांची पादत्राणे रेनडियरच्या कातड्याची असत. त्यांत मोज्यांऐवजी विशिष्ट जातीचे वाळलेले गवत भरीत. हे गवत पायाचा घाम शोषून घेई. मुक्कामाला ते बाहेर काढून झटकले व वाळविले, की दुसऱ्या दिवशी पुन्हा कामी येई. या सर्व योजनांत एक समान सूत्र दिसते. ओलावा मुळात कमी निर्माण व्हावा, झालेला बाहेर निघावा आणि जो राहील तो रोज वाळविता यावा, अशी त्यांची रचना आहे. हे वस्त्र शिवणाऱ्या स्त्रियांच्या सुईवर शिकाऱ्याचे प्राण अवलंबून असत व त्या समाजाला याची पूर्ण जाणीव होती.

ध्रुवीय मोहिमा : यूरोपीय समन्वेषकांनी हे ज्ञान दीर्घकाळ दुर्लक्षिले. त्यांपैकी अनेकांची भिस्त लोकरी गणवेश, जड तंबू व माणसांनी ओढावयाच्या अवजड गाड्यांवर असे. नॉर्वेचा फ्रित्यॉफ नान्सेन याने १८८८ मध्ये ग्रीनलंडचा हिमस्तर पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडला, त्या वेळी त्याच्या सहा जणांच्या तुकडीत दोघे सामी होते. स्की, हलकी व रुंद धावपट्ट्यांची घसरगाडी, लोकरीचे थरावर थर आणि वाया जाणाऱ्या उष्णतेवर बर्फ वितळविणारे दुहेरी भिंतीचे पाकपात्र यांचा मेळ त्याने घातला. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये निघालेल्या दाबाच्या रॉकेल स्टोव्हची भर पडल्यावर थोड्या इंधनात पुरेसे पाणी मिळू लागले. हिमप्रदेशात पाणी सर्वत्र असूनही पिण्यायोग्य पाणी अग्नीशिवाय मिळत नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे.

नान्सेनचाच वारसा रोआल आमुनसेन याने पुढे नेला. वायव्य मार्गाच्या शोधार्थ निघालेल्या ‘यॉआ’ या जहाजाच्या सफरीत (१९०३–०६) त्याने नेत्सिलिक इन्युइटांच्या शेजारी दोन हिवाळे काढले. त्यांची वस्त्रे अंगावर वागवून पाहिली व कुत्र्यांच्या गाड्या हाकण्याची कला आत्मसात केली. दक्षिण ध्रुवाकडे जाण्याच्या तयारीत त्याच्या तुकडीने १९११ चा हिवाळा बर्फाखालील खोल्यांत साधने दुरुस्त करण्यात घालविला. बूट उसवून पुन्हा पुन्हा शिवण्यात आले, घसरगाड्या व पेट्या तासून हलक्या करण्यात आल्या. एवढे करूनही पहिला प्रयत्न फसला. ८ सप्टेंबर १९११ रोजी निघालेल्या आठ जणांना उणे ५० अंशांहून कडक थंडीमुळे परतावे लागले व काहींच्या टाचांना हिमदंश झाला. बुटांत आणखी सुधारणा करून आणि ऋतू पुढे सरकल्यावर, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात पाच माणसे, चार गाड्या व ५२ कुत्री पुन्हा निघाली. १४ डिसेंबर १९११ रोजी ती तुकडी ध्रुवावर पोहोचली आणि २५ जानेवारी १९१२ रोजी सुखरूप तळावर परतली.

ब्रिटिश नौदलातील अधिकारी रॉबर्ट फॉल्कन स्कॉट याची तुकडी १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचली. परतीच्या वाटेवर तिच्यातील पाचही जणांचा अंत झाला. एडगर एव्हान्स फेब्रुवारीत आणि ओट्स मार्चमध्ये मरण पावला. उरलेल्या तिघांचा तंबू अन्नसाठ्याच्या मोठ्या ठाण्यापासून सु. १८ किमी. वर होता. स्कॉटची शेवटची नोंद २९ मार्च १९१२ ची आहे.

या दोन मोहिमांच्या तुलनेतून ‘कातडी पोशाख जिंकला, लोकर हरली’ असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो अपुरा आहे. स्कॉटचे लोक गाड्या स्वतः ओढीत होते. अशा कष्टात जाड कातडी अंगरख्यामुळे ते घामाने न्हाऊन निघाले असते. म्हणून आत लोकर व वर घट्ट विणीचे वातरोधी गॅबर्डीन ही त्यांची निवड त्या श्रमाला धरूनच होती. गॅबर्डीन हे कापड टॉमस बर्बरी याने १८७९ मध्ये तयार केले होते व आमुनसेननेही ते नेले होते. आमुनसेनचे लोक कुत्र्यांच्या गाड्यांबरोबर स्कीवर चालत असल्याने त्यांचे श्रम माफक राहिले. त्यांना कडक थंडीत कातडी पोशाख मानवला व ऊन पडताच तो उतरवूनही ठेवता आला. खरा फरक प्रवासाच्या पद्धतीत होता आणि वस्त्रे त्या पद्धतीस अनुसरून आली. स्कॉटच्या तुकडीचा दैनिक शिधा सु. ४,५०० किलोकॅलरींचा होता, तर गाडी ओढण्यास त्याहून बरीच अधिक ऊर्जा लागते, हे पुढील काळातील मोजमापांवरून दिसून आले. उपासमारीने शरीरातील उष्णतेची निर्मितीच घटली, तेव्हा तीच वस्त्रे अपुरी पडू लागली. त्यातच रॉकेलच्या डब्यांच्या झाकणांतील चामड्याच्या चकत्यांमधून तेल उडून गेले. आमुनसेनने आपले डबे डाख लावून बंद केले होते. इंधन घटल्याने पाणी घटले व ओले मोजे वाळविणे दुरापास्त झाले. मार्च १९१२ मधील थंडी त्या ठिकाणच्या नेहमीच्या मानापेक्षा बरीच कडक होती, असे हवामानाच्या नोंदींच्या आधुनिक अभ्यासावरून दिसते.

ओलाव्याचा परिणाम किती भयानक असतो हे स्कॉटच्याच मोहिमेतील एका लहान सफरीवरून कळते. एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स व अ‍ॅप्सली चेरी-गॅरर्ड हे तिघे १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात, जूनअखेरपासून सु. पाच आठवडे, एम्परर पेंग्विनची अंडी मिळविण्यासाठी केप क्रोझिअरपर्यंत जाऊन आले. तापमान सु. उणे ६०° से. पर्यंत उतरले होते. घाम व उच्छ्‌वास वस्त्रांत आणि झोपण्याच्या पिशव्यांत मुरून गोठत असल्याने त्या पिशव्या दिवसेंदिवस जड होत गेल्या. रात्री त्यांत शिरण्यासाठी आधी अंगाच्या उबेने बर्फ वितळवावा लागे. एका सकाळी तंबूबाहेर येताच चेरी-गॅरर्डने मान वर करून पाहिले आणि त्याच क्षणी वस्त्रे गोठून ताठ झाल्याने कित्येक तास त्याला मान तशीच ठेवून गाडी ओढावी लागली. त्यानंतर बाहेर पडताच ओढण्याच्या पवित्र्यात वाकून उभे राहावयाचे, म्हणजे कपडे त्याच आकारात गोठतील, अशी सावधगिरी तिघांनी पाळली. ही हकीकत त्याने १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिली आहे.

नवी वस्त्रे : विसाव्या शतकात वस्त्रांचे घटक झपाट्याने बदलले. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच याने फुग्याच्या कापडात ईडर बदकाची पिसे भरून शिवलेला कोट वापरला. सहकाऱ्यांनी आरंभी त्याची थट्टा केली, तरी पुढे पिसांचे कोट गिर्यारोहणात सर्वमान्य झाले. पिसे वजनाच्या मानाने अतिशय ऊबदार असतात. मात्र भिजल्यावर त्यांचा गोळा होऊन ऊब नाहीशी होते. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी एका जाड डगल्याऐवजी अनेक पातळ थरांचा पोशाख प्रचारात आला. यामुळे श्रमानुसार एकेक थर चढविणे वा उतरविणे शक्य झाले. नायलॉन व पॉलिएस्टर हे तंतू पाणी फारसे शोषत नाहीत. १९७० नंतर पॉलिप्रोपिलीनची अंतर्वस्त्रे, १९७६ मध्ये बाजारात आलेले ‘गोअर-टेक्स’ हे पाणी अडविणारे पण बाष्प जाऊ देणारे पटल आणि १९७९ च्या सुमाराचे ‘फ्लीस’ हे लवदार पॉलिएस्टर कापड यांमुळे पोशाखाचे वजन पुष्कळच घटले. तरीही कडक थंडीत अशा पटलाच्या आतील बाजूस बाष्प गोठते व त्याची सूक्ष्म छिद्रे निकामी होतात. यामुळे अनेक अनुभवी स्पर्धक कोरड्या थंडीत पूर्ण जलरोधी कोटाऐवजी साधा वातरोधी अंगरखाच पसंत करतात.

सुती कापडाविषयी येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. उष्ण प्रदेशात सुखावह असणारा कापूस पाणी भरपूर शोषतो व ते फार सावकाश सोडतो. म्हणून हिमशर्यतीत अंगालगत सुती गंजीफ्रॉक, मोजे किंवा जीनची विजार घालणे धोक्याचे समजले जाते. लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या सु. एक-तृतीयांश इतके बाष्प अंतर्भागात सामावूनही स्पर्शाला ओला लागत नाही आणि त्याच्या कुरळेपणामुळे त्यात हवा टिकून राहते.

शर्यतींचा उदय : स्वीडनमधील वासालोपेट ही ९० किमी. ची स्की शर्यत १९२२ मध्ये सुरू झाली. साधनांच्या दृष्टीने नॉर्वेतील बिर्केबेइनर शर्यत (आरंभ १९३२) अधिक उद्‌बोधक आहे. १२०६ मध्ये राजपुत्र हाकोन या तान्ह्या बालकाला दोघा योद्ध्यांनी स्कीवरून डोंगरापार सुरक्षित नेले, या घटनेच्या स्मरणार्थ प्रत्येक स्पर्धकाला किमान ३·५ किग्रॅ. वजनाची पाठपिशवी वाहावी लागते. बालकाच्या वजनाचे हे प्रतीक डोंगरातील वादळात उपयोगी पडणाऱ्या जादा कपड्यांचे गाठोडेही ठरते.

अलास्कात १९०८ पासून नोम येथून निघणाऱ्या ६५० किमी. हून अधिक लांबीच्या श्वानगाड्यांच्या शर्यती होत असत. १९२५ च्या हिवाळ्यात नोममध्ये घटसर्पाची साथ उद्‌भवली, तेव्हा वीस गाडीवानांनी व सु. १५० कुत्र्यांनी आळीपाळीने धावून नेनानापासूनचे सु. १,०८५ किमी. अंतर साडेपाच दिवसांत तोडले व प्रतिविष पोहोचविले. या मार्गाच्या व श्वानगाड्यांच्या परंपरेच्या जतनासाठी १९७३ मध्ये अँकरेज ते नोम अशी ‘इडिटारॉड’ शर्यत सुरू झाली. झोपण्याची पिशवी, कुऱ्हाड, बर्फावरून चालण्याची रुंद पादत्राणे, पाकपात्र आणि प्रत्येक कुत्र्यासाठी आठ पायमोजे ही तिच्यातील अनिवार्य सामग्री होय. माणसाइतकीच कुत्र्याच्या पावलांची काळजी नियमात आली, ही बाब लक्षणीय आहे. त्याच वाटेवर १९८७ पासून सायकलींच्या व पुढे पायी शर्यतीही होऊ लागल्या, कॅनडातील ‘यूकॉन आर्क्टिक अल्ट्रा’ (२००३) व अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील ‘ॲरोहेड’ (२००५, सु. २१७ किमी.) या शर्यतींची त्यांत भर पडली.

सामग्रीची निवड : या शर्यतींतून स्थिर झालेली पद्धत साधारणपणे पुढीलप्रमाणे आहे. अंगालगत पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम तंतूचा थर, त्यावर हवा धरणारा मधला थर आणि वर वातरोधी थर असतो. यांशिवाय पिसांचा किंवा कृत्रिम भरावाचा मोठा कोट पिशवीत सर्वांत वर ठेवतात. धावताना तो घालावयाचा नसतो. थांबताच, अंग निवण्यापूर्वी, तो इतर कपड्यांवरून चढवावयाचा असतो. सुरुवात करताना किंचित गारठा जाणवला पाहिजे, असा अनुभवी स्पर्धकांचा दंडक आहे. निघतानाच ऊब वाटली, तर पहिल्या चढावर घाम फुटणार हे निश्चित असते.

हातांसाठी पातळ हातमोज्यांवर बोटे एकत्र ठेवणारे जाड मोजे घालतात. ते वाऱ्याने उडून जाऊ नयेत म्हणून दोरीने गळ्यात अडकवितात. बूट नेहमीपेक्षा मोठे घेतात, कारण आवळलेल्या पायाचे रुधिराभिसरण मंदावते. काही जण पातळ मोज्यावर बाष्परोधी पिशवी व त्यावर जाड मोजा घालतात. त्यामुळे पाय दमट राहिला, तरी ऊब देणारा मोजा व बूट कोरडे राहतात. सामान पाठीवर वाहिल्यास पाठ घामाने भिजते, म्हणून ते कमरेच्या पट्ट्याला जोडलेल्या लहान घसरगाडीतून ओढतात. ब्यूटेन वायू उणे ०·५° से. च्या खाली द्रवरूपच राहत असल्याने त्याच्या चुली निरुपयोगी ठरतात. त्यांऐवजी दाबाने चालणारे द्रव इंधनाचे स्टोव्ह नेतात. पाण्याची बाटली अंगरख्याच्या आत किंवा उलटी ठेवतात, कारण पाणी वरून गोठू लागते व तोंड तळाशी असल्यास मोकळे राहते. विजेऱ्यांच्या घटमाला अंगाशी बाळगतात. उणे ३०° मध्ये न गोठणारे, मोजे न काढता खाता येईल असे अन्न खिशात ठेवतात. प्रत्येक वस्तू घरी नव्हे, तर थंडीत, अंधारात व मोजे घातलेल्या हातांनी वापरून पाहिल्याखेरीज बरोबर घेऊ नये, हा या निवडीतील शेवटचा व सर्वांत महत्त्वाचा नियम होय.

नियमांची उपेक्षा कोठवर नेते, याचे उदाहरण हिमप्रदेशाबाहेर घडले. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात बायीनजवळ झालेल्या १०० किमी. च्या डोंगरी शर्यतीत १७२ स्पर्धक उतरले होते. दुपारच्या सुमारास अकस्मात सोसाट्याचा वारा, पाऊस व गारा यांचा मारा झाला. बहुतेकांच्या अंगावर तोकडे कपडे होते. वातरोधी अंगरखा बाळगणे अनिवार्य नव्हते. एकवीस धावपटू अल्पतापावस्थेने मरण पावले व त्यांत नामांकित खेळाडूही होते. त्या डोंगरात मेंढ्या राखणाऱ्या जू कमिंग या मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेतील निवाऱ्यात आणले, शेक व पांघरूण दिले आणि वाचविले. ओल्या वाऱ्यात काय करावे, याचे ज्ञान त्या दिवशी मेंढपाळाच्या दैनंदिन व्यवहारात शाबूत होते.

भारत व महाराष्ट्र : भारतात अतिशीत वस्त्रांचा पद्धतशीर अनुभव हिमालयातील गिर्यारोहण, लष्करी सेवा व अंटार्क्टिक मोहिमा यांतून आला. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या जहाजाने निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे पुढे या मोहिमांची व्यवस्था आली. सागरतीरावरील उष्ण व दमट प्रदेशातून ध्रुवीय पोशाखानिशी मोहिमा रवाना व्हाव्यात, हा एक लक्षणीय योग होय. एव्हरेस्ट शिखरावर महाराष्ट्रातील सुरेंद्र चव्हाण हे १९९८ मध्ये पोहोचले. २० फेब्रुवारी २०२३ रोजी लडाखमधील गोठलेल्या पँगाँग सरोवरावर २१ किमी. ची शर्यत झाली. हिमशर्यतीचा हा प्रकार भारतात रुजू लागल्याचे ते चिन्ह आहे.

महाराष्ट्राच्या पठारावर हिम पडत नाही; तथापि ओला वारा व दीर्घ पायपीट यांना तोंड देणारे वस्त्र तेथेही घडले. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुका बालाघाटच्या पठारावर असून मांजरा नदीचा उगम याच तालुक्यात होतो. पाऊसमान कमी आणि जमीन हलकी असलेल्या या पट्ट्यात, तसेच लगतच्या अवर्षणग्रस्त भागांत, दख्खनी जातीच्या मेंढ्यांचे पालन पूर्वापार चालत आले आहे. चाऱ्याच्या शोधात कळपामागे मैलोगणती चालणाऱ्या धनगराचे अंथरूण, पांघरूण, रेनकोट व तंबू या सर्वांचे काम एक घोंगडी करते. या मेंढ्यांची लोकर जाडीभरडी व पुष्कळदा काळी असते. ती वर्षातून सामान्यतः दोनदा कातरतात, पिंजून सूत काढतात, ताण्याला चिंचोक्यांची खळ देतात आणि खड्ड्याच्या मागावर विणतात. विणण्याचे काम धनगरांतील काही पोटजाती व सनगर मंडळी करीत आली.

घोंगडीची खोळ करून डोक्यावरून पाठीवर सोडली, म्हणजे पावसाचे पाणी बाहेरच्या लवेवरून निथळते. समोरची बाजू व हात मोकळे राहतात, कापड ताठ असल्याने ते अंगाला चिकटत नाही आणि आतील दमट हवा खालून निघून जाते. थांबताच तीच घोंगडी अंगाभोवती लपेटून घेता येते. मान्य करावयास हवे, की ती जड आहे, टोचते आणि उणे ३०° च्या थंडीसाठी ती घडलेलीच नाही. परंतु चालताना मोकळे, थांबताना बंद व भिजल्यावरही ऊबदार ही तिची तीन लक्षणे इन्युइट अंगरख्याच्या आणि आधुनिक त्रिस्तर पोशाखाच्या तत्त्वाशी जुळतात. गान्सूच्या डोंगरावर त्या दिवशी तापमान ध्रुवप्रदेशाइतके उतरलेले नव्हते. वारा व ओल यांनीच घात केला. आषाढातील झडीत किंवा पौषातील पहाटेच्या वाऱ्यात बालाघाटवर कळप राखणाऱ्यासमोर तोच प्रश्न सौम्य रूपात उभा असतो.

गिरणीची स्वस्त ब्लँकेटे व प्लॅस्टिकचे कागद यांच्या प्रसारामुळे घोंगडीची मागणी घटली, मेंढपाळांना या भरड लोकरीचे मोल मिळेनासे झाले आणि हातमागावर बसणारे कारागीर थोडे उरले. प्लॅस्टिक पाऊस अडविते; पण घामही आत कोंडते. हिमशर्यतीच्या साधनांचा इतिहास पाहता एक गोष्ट स्पष्ट होते. नान्सेन व आमुनसेन यांना यश लाभले, ते त्या भूमीत राहणाऱ्यांचे वस्त्र अडाणीपणाचे न मानता त्यामागील कारण शोधल्यामुळे. एखाद्या प्रदेशातील वस्त्र त्याचे कारण समजून घेण्यापूर्वीच नाहीसे झाले, तर त्याबरोबर शतकांचा अनुभवही नष्ट होतो; आणि तो पुन्हा मिळविण्याची किंमत, ध्रुवीय मोहिमांच्या इतिहासात दिसते त्याप्रमाणे, पुष्कळदा मनुष्यजीवांच्या रूपाने द्यावी लागते.